आजीच्या हातावरचे तीन वण : देवी आल्या आणि देवी काढल्या

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. गेल्या आठवड्यात सांगलीहून गावाकडं गेले होते, तासगावच्या पुढं आमचा मळा आहे, तिथं आजी असते. वय ८७. रविवारी सकाळी अंगणात बसून तिच्या हाताला तेल लावत होते, शेजारी माझी चौथीतली लेक बसलेली, तिनं पणजीच्या हातावर मनगटाच्या वर तीन गोल वण बघितले. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे, मधे खोलगट, कातडी पातळ आणि चकचकीत, कडेनं बारीक रेघा. तिनं एकदम विचारलं, पणजीला कुणी चटके दिले का गं आई? मला क्षणभर बोलताच येईना कारण लहानपणापासून ते वण बघतेय पण मी कधी विचारलंच नव्हतं.

आजी म्हणाली, "चटकं न्हाईत बाळा, देवी काढल्याल्या हायत. दादाला देवी आल्या व्हत्या, मला काढल्या व्हत्या."

या एका वाक्यावर मी तीन दिवस अडकलेय. रोगाचं नाव पण देवी आणि लसीचं नाव पण देवी. एकाला आल्या, एकीला काढल्या. आजीचे हे दादा म्हणजे माझ्या वडिलांचे मामा, ते मला चांगले आठवतात, तोंडभर खड्डे आणि एक डोळा पांढरा, लहानपणी मी त्यांना घाबरायचे, जवळ जायचे नाही, आता त्याचं फार वाईट वाटतं. ते गेले त्याला वीस वर्षं झाली.

माझ्या लेकीला देवी हा रोग होता हेच माहीत नाही, तिच्या वर्गातल्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. आपल्या सातारा सांगलीकडच्या कुणाच्या घरात अशा आठवणी असतील तर लिहा, ज्यांनी बघितलंय ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. आणि जाणकारांनी रोगाबद्दल पण सांगा, नक्की काय व्हायचं, गेला कसा.

वाईकर_काका

ताई, चांगला विषय काढलात. मी ७१ वर्षांचा आहे. माझ्या हातावर दोन वण आहेत, शाळेत काढलेल्या देवी. तेव्हा सुई नव्हती, एक लोखंडी दांडा असायचा आणि त्याच्या टोकाला बारीक दातांची चकती. आधी हातावर लसीचा थेंब ठेवायचे, मग ती चकती त्यावर टेकवून गरकन फिरवायची. कातडी खरवडली जायची आणि रक्ताचे बारीक ठिपके गोलात उमटायचे. आमची रांग शाळेच्या ओसरीवर लावलेली आणि पुढच्या पोराची किंकाळी ऐकून मागची पोरं घाटाकडं पळायची. गुरुजी दोघातिघांना धरून आणायचे.

चार दिवसांनी पुटकुळी आली, आठवड्यात तिचा टपोरा फोड झाला, ताप आला, बगलेत गाठ आली. आई रोज संध्याकाळी हात बघून म्हणायची, उठल्या बरं का देवी, चांगल्या उठल्या. खपली पडायला तीन आठवडे लागले. खाजवायचं नाही म्हणून आईनं रात्री हाताला मऊ धोतराचा तुकडा बांधलेला. तो वास अजून आठवतो मला, खोबरेल आणि जुन्या धोतराचा.

मिरजेचा_डॉ

कृष्णाकाठची ताई, आधी रोगाबद्दल लिहितो कारण आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी पण देवीचा रुग्ण डोळ्यांनी बघितलेला नाही. मी शिकत होतो तेव्हा सर फक्त फोटो दाखवायचे आणि सांगायचे की हा फोटो नीट बघून ठेवा, असा रुग्ण कधी दिसला तर हातातलं सगळं टाकून आधी कळवायचं.

देवी हा विषाणूचा रोग, विषाणूचं नाव व्हॅरिओला. अंगात शिरला की साधारण १० ते १४ दिवस काहीच कळत नाही, माणूस हिंडता फिरता असतो. मग एकदम कडक ताप, पाठदुखी, डोकं फुटेल असं दुखणं. दोनतीन दिवसांनी तोंडात आणि घशात फोड, मग चेहऱ्यावर, हातांवर, पायांवर, अगदी तळहात तळपायावर सुद्धा. कांजिण्यांमध्ये उलटं असतं, पोटापाठीवर जास्त आणि एक फोड नवा एक सुकलेला असं एकाच वेळी दिसतं. देवीत एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असतात, आधी टणक, मग पाण्याचे, मग पुवाचे, मग खपली. हा फरक त्या काळच्या कार्यकर्त्यांना पाठ असायचा कारण त्यावरच सगळं अवलंबून होतं.

आपल्याकडं जी जात होती तिच्यात लस न घेतलेल्या दर दहातले साधारण तीन जण जायचे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांचे हाल तर सगळ्यात जास्त. वाचलेल्यांच्या तोंडावर खड्डे राहायचे आणि काहींचे डोळे जायचे, बुबुळावर जखम होऊन. तुमच्या मामाआजोबांचा पांढरा डोळा बहुतेक त्यातलाच. कांजिण्यांसारखं हे दुखणं नव्हतं हे लोकांना समजावून सांगताना मला आजही कष्ट पडतात, कारण घरात म्हणतात कांजिण्या म्हणजे छोट्या देवी.

पसरायचा तो समोरासमोर बसल्यावर, श्वासातून थुंकीतून, आणि रुग्णाच्या अंथरूण पांघरुणातून कपड्यांतून पण. औषध असं काही नव्हतं. पण दोन गोष्टी माणसाच्या बाजूच्या होत्या. एक म्हणजे हा विषाणू फक्त माणसात राहायचा, गुरांत उंदरांत डासांत कुठंही त्याला घर नव्हतं. आणि दुसरं, अंगावर पुरळ उठायच्या आधी रुग्ण सहसा कुणाला देत नसे, आणि पुरळ तर लपवता येत नाही. म्हणून तो शोधता आला.

उसाचं_पाचट

मी ८६ चा जन्म, माझ्या डाव्या दंडावर एक छोटा गोल वण आहे, मी तर इतकी वर्षं तो देवीचाच समजत होतो, घरात पण सगळे देवीच म्हणतात.

मिरजेचा_डॉ

तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाची लस. ८६ च्या बाळाला देवीची लस मिळायचं कारण नाही. बीसीजीचा साधारण एकच असतो, लहान, डाव्या दंडावर वर. जुन्या देवीचे दोन तीन चार असायचे, मोठे, बऱ्याच जणांना दंडाखाली किंवा मनगटाच्या वर, आणि खालची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांचे हात बघा, लगेच फरक कळेल.

मातीतला

सगळं बरोबर असेल पण मला एक खटकतं. जुन्या लोकांना काहीच कळत नव्हतं असा सूर नको. घरात देवी आल्या की दाराला कडूलिंबाचे डहाळे लावायचे, अंथरुणावर लिंबाचा पाला, थंड खायला द्यायचं, घरात फोडणी घालायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. माझी पणजी आटपाडीची, तिनं दोन लेकरं अशीच वाचवली असं सांगायचे. आणि मला वाटतं पुढं स्वच्छता सुधारली, खाणंपिणं सुधारलं म्हणून रोग गेला, सगळं श्रेय लसीला देणं मला पटत नाही. माझ्या पुतणीला एका केंद्रावर लस दिली, दोन रात्री तापानं फणफणली, ताप येईल असं कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. त्यामुळं विश्वास बसत नाही हे मनापासून सांगतो.

मिरजेचा_डॉ

मातीतला दादा, पुतणीच्या बाबतीत तुमचा राग शंभर टक्के योग्य आहे. ताप येऊ शकतो, किती दिवस, काय द्यायचं, कधी परत आणायचं हे सांगणं लस देण्याइतकंच काम आहे. न सांगता टोचलं की माणूस तुटतो.

लिंबाच्या डहाळ्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. दारावर डहाळा दिसला की पाहुणा बाहेरूनच वळायचा, म्हणजे रोग दुसऱ्या घरी जायचा थांबत असणार, पाल्यानं माश्या कमी, खाज सुटली तर पाल्यानं झाडायचं म्हणजे नखं लागत नाहीत. त्यात शहाणपण होतं. पण ज्या घरात रोग शिरला त्या घरातलं लेकरू डहाळ्यानं वाचायचं नाही, दहातली सात अशीही जगायची आणि तीन जायची, जगलेल्यांची गोष्ट सांगायला माणूस राहतो.

आता स्वच्छतेचं. १९७४ साली भारतात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले, ३१ हजारांवर माणसं गेली, सगळ्यात जास्त बिहारमध्ये. आणि मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण. एका वर्षात बिहारच्या खेड्यात गटारं बांधली गेली नाहीत, विहिरी बदलल्या नाहीत, गरिबी तीच. बदललं ते एवढंच की लाखभर कार्यकर्ते घरोघर जाऊन शोधायला लागले, रुग्ण सापडला की त्या घरावर पहारा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लस. आधी वर्षानुवर्षं नुसता आकडा मोजत होते, इतक्या टक्के लोकांना टोचलं म्हणून, तरी रोग उरलेल्यांत फिरतच होता. ही घेराव घालायची पद्धत आली आणि त्याची वाट बंद झाली. संपर्क आल्यावर तीनचार दिवसांच्या आत टोचलं तरी माणूस वाचायचा, त्यामुळं धावपळीला अर्थ होता.

आणि लसीचे दोष पण होते ते लपवत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्या दहा लाखांत एकदोन जणांचा त्यात जीव जायचा, मेंदूला सूज वगैरे. म्हणूनच रोग संपल्यावर ती लस सरसकट द्यायची बंद केली.

माणदेशी_पाटी

आमच्या घरातलं सांगते. ७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायच्या कामावर होती, म्हसवडच्या बाजूला. हजारो माणसं एका माळावर, कुठनं कुठनं आलेली, बायका पोरांना पाठीला बांधून खडी फोडायच्या. दुपारी सुकडी वाटायचे त्या रांगेतच टोचणारे येऊन उभे राहिले. आई सांगते, हातोडी खाली ठेवायच्या आतच माझा हात धरला आणि टुचटुच टोचलं, दोन टोकांची सुई होती, दुखलं नाही, नुसता मुंगी चावल्यागत. माझा मोठा भाऊ तेव्हा सात महिन्यांचा, त्याला पण. आईला शाळा नाही पण ती म्हणते की एवढ्या गर्दीत रोग आला असता तर त्या माळावरनं माणूस उठला नसता.

डोंगरवाट

तीन दिवस हा धागा वाचतोय आणि लिहू का नको करतोय. माझे वडील देवी काढायचेच काम करायचे. पाटण तालुका, कोयनेचं खोरं, ढेबेवाडीकडचा भाग. सरकारी हुद्दा व्हॅक्सिनेटर, पण गावात सगळे देवी डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर नव्हते ते, सातवी शिकलेले.

एक खाकी पिशवी, त्यात सुयांची डबी, स्पिरिटचा दिवा, लसीच्या कुप्या, नोंदवही आणि आईनं बांधून दिलेली भाकरी. पावसाळ्यात खोऱ्यातल्या वाड्यांना रस्ता नसायचा, ओढे भरलेले, चपला हातात घेऊन चिखलातनं जायचे. सुरुवातीच्या काळात लस ओली असायची, उन्हानं खराब व्हायची, दिवसभर टोचायचं आणि आठ दिवसांनी जाऊन बघावं तर एकाच्याही देवी उठलेल्या नाहीत, सगळं परत करायचं. लोक चिडायचे, त्यांचं पण बरोबर होतं. पुढं कोरडी भुकटीची लस आली, ती उन्हात टिकायची, बेळगावच्या संस्थेत तयार व्हायची. द्रवात कालवायची आणि कालवलेली जास्त वेळ ठेवायची नाही. आणि चकती जाऊन दोन टोकांची सुई आली. दोन टोकांच्या मधे बरोबर एक थेंब अडकायचा, हात ताणून धरायचा आणि एकाच जागी पटापट पंधरा वेळा टोचायचं, बारीक रक्त दिसलं की झालं. वडील मनात मोजायचे, ओठ हलायचे त्यांचे. म्हातारपणी टीव्ही बघताना पण बोटानं मांडीवर तसं करायचे, मला तेव्हा कळायचं नाही.

लोक पोरं लपवायचे. माळ्यावर, उसात, एकदा तर कणगीत बसवलेलं पोर वडलांनी शिंकेवरनं ओळखलं. वडील कधी ओरडले नाहीत. एका वाडीत एक म्हातारी दार अडवून उभी राहिली, म्हणाली देवीवर सुई चालवतोस, तिचा कोप झाला तर माझ्या नातवाला कोण वाचवणार. वडलांनी पिशवी बाहेर ठेवली, पाय धुतले, तिच्या देव्हाऱ्यापुढं जाऊन नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, तिनंच धाडलंय मला. तिला आता दमायला झालंय घरोघर फिरून." म्हातारी बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग स्वतःचा हात पुढं केला, आधी मला टोच म्हणाली. मग नातवाला. आठ दिवसांनी वडील परत बघायला गेले तेव्हा तिनं त्यांना ताक भाकरी वाढली.

रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस असायचं, आधी पन्नास रुपये, वाढत वाढत हजार रुपये झालं. वडील बाजारच्या दिवशी एक रंगीत कार्ड घेऊन उभे राहायचे, फोड आलेल्या पोराचा फोटो असलेलं, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायचे असं पोर कुठं बघितलंय का. शेवटी शेवटी लोक कांजिण्यांचीच पोरं दाखवायचे. तरी प्रत्येक वेळी ते चालत जाऊन बघून यायचे. एकदा पण म्हणाले नाहीत की फुकट हेलपाटा झाला.

सज्जनगड_वारा

डोंगरवाट दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. तिला दमायला झालंय घरोघर फिरून... ज्याला हे सुचलं त्याची शाळा सातवीच होती यावर विश्वास बसत नाही.

हळदीचं_पेव

एक शंका, मंकीपॉक्स आला होता तेव्हा ऐकलं की देवीची लस घेतलेल्यांना तो कमी होतो. खरं का? आणि देवीचा विषाणू अजून कुठं ठेवलाय म्हणतात ते काय?

मिरजेचा_डॉ

दोन्ही खरं. मंकीपॉक्स त्याच कुळातला, त्यामुळं जुन्या लशीचं थोडं संरक्षण मिळतं, तरी तेवढ्यावर विसंबू नका. विषाणू दोन ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. ठेवावा का जाळावा यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. माझं वैयक्तिक मत जाळावा. कारण रोग जगातून गेल्यावर १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला जेनेट पार्कर नावाच्या बाई, वैद्यकीय छायाचित्रकार होत्या, ज्या इमारतीत काम करत तिथंच प्रयोगशाळेत हा विषाणू होता, त्यांना देवी झाल्या आणि त्या गेल्या. जगात देवीनं गेलेली ती शेवटची व्यक्ती.

त्याच्या आदल्या वर्षी सोमालियात अली माओ मालिन, मर्का गावच्या दवाखान्यात स्वयंपाकी होता, त्याला झाल्या, निसर्गात पसरलेल्या रोगाचा तो शेवटचा रुग्ण. दवाखान्यात काम करून त्यानं लस घेतली नव्हती, टोचायची भीती वाटली म्हणून. तो वाचला. पुढं हाच माणूस पोलिओच्या मोहिमेत गावोगाव फिरून स्वतःची गोष्ट सांगायचा, मी घाबरलो तसं तुम्ही घाबरू नका म्हणून. २०१३ मध्ये त्याच कामावर असताना हिवतापानं गेला. डोंगरवाट यांच्या वडलांचं वाचताना मला सारखा तोच आठवत होता.

भारताला एप्रिल १९७७ मध्ये देवीमुक्त असल्याचा दाखला मिळाला आणि ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेनं जगातून रोग गेल्याचं जाहीर केलं. माणसाला होणारा, मुळासकट संपलेला असा हा आजवरचा एकच रोग.

मातीतला

डॉक्टर, तुम्ही चिडला नाहीत याबद्दल आभार. बिहारचं उदाहरण पटलं, एका वर्षात गटारं होत नाहीत हे खरंय. काल वडलांना विचारलं तर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला कधीच कुणी सांगितली नव्हती, पणजीची लेकरं चार होती. दोन वाचली एवढंच घरात बोलायचे. पुतणीचा पुढचा डोस राहिलाय, वहिनीशी बोलतो, पण या वेळी आधी सगळं विचारून घेणार.

वाईकर_काका

मातीतला, विचारूनच घ्या. आणि त्या दोघांची नावं वडलांना ठाऊक असतील तर घरात लिहून ठेवा.

कृष्णाकाठची

आज परत मळ्यात जाऊन आले. जाताना हा सगळा धागा फोनवर उघडून नेला आणि आजीला एकेक वाचून दाखवला, डोंगरवाट दादांचं दोनदा वाचायला लावलं.

मग ती आपण होऊन बोलायला लागली. दादाला देवी आल्या तेव्हा तो सात वर्षांचा, ती पाच वर्षांची. तिला शेजारच्या वस्तीवर नेऊन ठेवलं होतं. महिन्याभरानं परत आली तर अंगणात एक पोरगं बसलेलं आणि तिनं त्याला ओळखलंच नाही, आत जाऊन आईला विचारलं, बाहेर कोण बसलंय? तो दादा होता. "त्यानं ऐकलं गं माझं," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. पुढच्या साली चावडीवर देवी काढणारा आला तेव्हा तिच्या आज्जीनं घराबाहेर जायचं नाही म्हणून सांगितलेलं, तिच्या वडलांनी आईचं आयुष्यात पहिल्यांदा मोडलं, लेकीला खांद्यावर बसवून चावडीवर नेलं आणि हात स्वतः धरला. तिघा भावंडांत तिच्याच देवी तिन्ही जागी उठल्या असं अजून कौतुकानं सांगते.

लेकीनं त्या वणांवर बोट फिरवून बघितलं, म्हणाली मऊ लागतंय. मग तिनं पेनानं स्वतःच्या हातावर तीन गोल काढले, बरोबर त्याच जागी, आणि आजीच्या हाताशेजारी हात ठेवून मला फोटो काढायला लावला.

डोंगरवाट दादा, आजी विचारत होती ते पाटणचे डॉक्टर अजून हायत का. मी सांगितलं नाहीत, त्यांचा मुलगा लिहितोय. तर म्हणाली, त्याला विचार वहीत नावं लिवायचं न्हवं त्ये, त्या वह्या हायत का कुठं.

डोंगरवाट

आजींना नमस्कार सांगा. आहेत. गावच्या घरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, वडील गेल्यापासून आम्ही कुणी उघडली नाही, वह्या त्यातच असणार, वाळवी लागली नसेल तर. येत्या रविवारी पाटणला जातोय, काढून बघतो आणि इथं लिहितो.